काचपट्टीखालचा क्षय

क्षय म्हटला की खोकला, बारीक ताप, उतरलेलं वजन आणि छातीचा एक्स-रे एवढंच डोळ्यांपुढे येतं. रावेरच्या काय किंवा दुसऱ्या कुठल्या तालुक्याच्या काय, ग्रामीण रुग्णालयात संशयित रुग्ण आला की त्याची थुंकी काचपट्टीवर पसरवायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, ही रीत आता गावोगावच्या आशाताईंनाही पाठ आहे. त्याच डब्यातली कोरी काचपट्टी, तिच्यावर काहीही न पसरवता, अंगावरच्या तांबूस चट्ट्यावर अंगठ्याने दाबून धरली तर त्वचेच्या क्षयाच्या निदानाची पहिली पायरी चढून होते. ही दुसरी रीत फारशी कुणाला ठाऊक नाही. त्वचेचा क्षय ओळखण्याच्या साधनांचं कूळ शोधत गेलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. यातलं जवळजवळ प्रत्येक साधन दुसऱ्याच कामासाठी जन्माला आलं आणि त्वचेने ते उसनं घेतलं. थुंकीसाठी बनलेला रंग, औषध म्हणून आणलेलं ट्युबरक्युलिन, फुप्फुसासाठी रचलेलं जनुकीय यंत्र, यांतलं एकही त्वचेपाशी आल्यावर एकट्याच्या बळावर दर वेळी निकाल देऊ शकत नाही. म्हणून हे निदान एका चाचणीचं नसून अनेक अपुऱ्या पुराव्यांच्या जुळणीचं आहे, आणि ती जुळणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपेक्षा तालुक्याच्या तपासणी-टेबलावर अधिक घडते किंवा बिघडते, असं माझं म्हणणं आहे. ते का, हे या कुळकथेतूनच समजतं.

क्षयाची त्वचेवरची रूपं माणसाला फार पूर्वीपासून दिसत होती. ती क्षयाची आहेत हे मात्र उशिरा कळलं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एक वेगळा अध्यायच आहे. मानेच्या, काखेच्या गाठी पिकतात, फुटतात, काही बऱ्या होतात तर नव्या उठतात, हे अपचीचं वर्णन आजच्या डॉक्टरने वाचलं तर त्याला गाठीवरून त्वचेत उतरलेला क्षय आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे घरोघरी याला गंडमाळ म्हणतात. युरोपातही गंडमाळ वेगळी, चेहरा कुरतडणारा ल्युपस वेगळा आणि छातीचा क्षय वेगळा, अशीच समजूत होती. स्टेथोस्कोपचे जनक रने लेनेक यांनी १८२६ मध्ये स्वतःच्या बोटावर उठलेल्या गाठीची हकिकत लिहिली. शवविच्छेदनात करवतीचा ओरखडा लागला होता आणि त्या जागी ती उठली होती. शरीराबाहेरून त्वचेत शिरलेल्या क्षयाचं हे आरंभीच्या वर्णनांपैकी एक. त्याच वर्षी लेनेक फुप्फुसाच्या क्षयाने गेले. पुढे १८६८ मध्ये थिओडोर लांगहान्स यांनी क्षयाच्या गाठीतल्या, कडेने केंद्रकांची नाल मांडलेल्या राक्षसी पेशींचं नेमकं वर्णन केलं आणि १८७०च्या दशकात फ्रीडलेंडर यांनी ल्युपसच्या तुकड्यातही तशीच रचना दाखवून दोन्ही रोगांचं नातं मांडलं. जंतूचा पत्ता लागण्याआधीच ऊतीच्या रचनेवरून हे सोयरपण ओळखलं गेलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. त्या आणि पुढच्या वर्षी त्सील आणि नेल्सन यांनी जंतू रंगवण्याची जी पद्धत पक्की केली, ती नाव न बदलता आजही आपल्या प्रयोगशाळांत चालते. ल्युपसच्या तुकड्यातूनही कॉख यांनी जंतू वाढवून दाखवला, पण तिथेच अडचणीचाही उगम झाला. छेदामागून छेद पाहावेत तेव्हा एखादा जंतू सापडायचा. कारण शास्त्रीय आहे. थुंकीत जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. पोकळी पडलेल्या फुप्फुसात ते मुबलक असतात. त्वचेतला क्षय मात्र बहुधा अशा माणसात वाढतो ज्याच्या शरीराने या जंतूशी लढण्याची ताकद आधीच कमावलेली असते. शरीराच्या पेशी जंतूभोवती गराडा घालतात, जंतू मोजके उरतात आणि डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः हा गराडाच. म्हणजे त्वचेवरचा चट्टा जंतूपेक्षा शरीराच्या प्रतिकाराचं चित्र अधिक असतो. काही प्रकारांत तर जंतू सापडतच नाही. लहान मुलांच्या पोटा-पाठीवर बारीक, त्वचेच्याच रंगाचे पुरळ उठतात, खाजत नाहीत, दुखत नाहीत. फ्रान्सच्या दारिये यांनी १८९६ मध्ये अशा पुरळांचा एक गट करून त्यांना क्षयाशी जोडलं. त्या पुरळात जंतू शोधणं व्यर्थ असतं. तो त्या मुलाच्या मानेच्या किंवा छातीतल्या गाठीत असतो. थुंकीच्या क्षयाला लावलेला ‘जंतू दिसला तरच क्षय’ हा नियम त्वचेला लावला तर बहुतेक रुग्ण निसटतील, हे इथपर्यंतच्या इतिहासातच ठरून गेलं होतं.

या पार्श्वभूमीवर काचपट्टी आली. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी १८९३ मध्ये काच दाबून त्वचेच्या आत पाहण्याच्या पद्धतीला ‘डायस्कोपी’ हे नाव दिलं. तिची युक्ती अगदी साधी. चट्टा लाल दिसतो तो त्यातल्या रक्तवाहिन्यांमुळे. काच दाबली की रक्त बाजूला सरतं, लाली जाते आणि आत पेशींचा साठा असेल तर त्याचा स्वतःचा रंग तेवढा उरतो. साध्या सुजेचा डाग काचेखाली फिका पडतो. ल्युपसमध्ये मात्र पिवळसर तपकिरी, अर्धपारदर्शक बारीक ठिपके मागे राहतात. लंडनचे जोनाथन हचिन्सन यांच्या नावे सांगितली जाणारी ‘सफरचंदाच्या जेली’ची उपमा याच ठिपक्यांची. खानदेशात ही जेली कुणाच्या ताटात नसते. काकवीचा थेंब काचेखाली पसरल्यावर जसा दिसतो, तसा हा रंग समजावा. याच्या जोडीला आणखी एक जुनी खूण होती. बोथट सळईचं टोक त्या ठिपक्यावर हलकेच टेकवलं तर ते आत रुततं, कारण तिथली ऊती पोखरलेली, मऊ असते. त्या काळी युरोपात ल्युपस चेहऱ्यावर उठायचा, नाक-गाल खाऊन टाकायचा. त्याचा धाक इतका होता की प्रकाशकिरणांनी त्यावर उपचार करणाऱ्या कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा डॉक्टरांसमोर गोऱ्या चेहऱ्यावरचा लाल चट्टा होता, आणि काचेची खूण त्याच चट्ट्यावर घडली.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, पाल गावाच्या बाजूला राहणाऱ्या तडवी किंवा पावरा माणसाच्या सावळ्या त्वचेवर, किंवा केळीच्या बागेत दिवसभर उन्हात राबणाऱ्या मजुराच्या रापलेल्या पायावर ही काकवी दिसणार कशी? आक्षेप खरा आहे. त्वचेचं रंगद्रव्य वरच्या थरात असतं, काच दाबून ते सरकत नाही आणि खालचा पिवळसर रंग झाकला जातो. म्हणून सावळ्या त्वचेवर काचेखाली काही दिसलं नाही म्हणून क्षय नाही, असं म्हणता येत नाही. उलट दिसलं तरी तेवढ्यावर क्षय पक्का होत नाही, कारण सारकॉइड या वेगळ्या आजारातही तसेच ठिपके दिसतात. पण यावरून काचपट्टी टाकून द्यावी हे मला पटत नाही. एक तर ती फुकट आहे, आणि दाबल्यावर रंग पूर्ण गेला की काही उरलं, एवढी माहिती तरी सावळ्या त्वचेवरही पुष्कळदा मिळते. दुसरं आणि अधिक महत्त्वाचं म्हणजे, काच दाबायची तर चट्ट्याजवळ वाकावं लागतं, उजेडात न्यावं लागतं, बोटाने चाचपावं लागतं. एका कडेने चट्टा सरकतो आहे आणि मागे पातळ, सुरकुतलेला व्रण सोडतो आहे, त्या व्रणातच पुन्हा नवे ठिपके उठले आहेत, ही ल्युपसची सगळ्यांत बोलकी खूण काचेशिवायही दिसते, पण ती दिसते जवळून पाहणाऱ्यालाच. उन्नांच्या काचेचा वंश पुढे डर्मोस्कोपच्या रूपाने वाढला. आज त्वचारोगतज्ज्ञांच्या हातातल्या त्या दिव्याच्या भिंगात ल्युपसच्या पिवळट-नारिंगी पार्श्वभूमीवर बारीक रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. तत्त्व तेच, नजर तेवढी वाढलेली.

काचेच्या थोडं आधीच ट्युबरक्युलिन आलं होतं, तेही चुकीच्या दाराने. १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत कॉख यांनी क्षयावर उपाय सापडल्याची घोषणा केली, आणि युरोपभरचे रुग्ण बर्लिनला लोटले. या औषधाचा डोळ्यांदेखत परिणाम दाखवायला ल्युपसचे रुग्ण फार सोयीचे ठरले. पाठीत किंवा दंडात टोचलं की काही तासांत चेहऱ्यावरचा चट्टा सुजून लालभडक व्हायचा. फुप्फुसात काय होतं ते दिसत नव्हतं. त्वचेवर मात्र सर्वांना दिसत होतं. शेरलॉक होम्सचे कर्ते आर्थर कॉनन डॉईल तेव्हा पेशाने डॉक्टर होते. ते मुद्दाम बर्लिनला गेले, वॉर्डातले रुग्ण पाहिले आणि हा उपाय रोग बरा करतो याबद्दल त्यांनी जाहीर शंका घेतली. शंका खरी ठरली. औषध फसलं, काही रुग्ण दगावले. पण सुजलेला तो चट्टा खोटा नव्हता. क्षयाचा जंतू ज्याच्या शरीराने एकदा ओळखला आहे तोच असा पेटून उठतो, हे त्यातून कळलं. १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिरके यांनी त्वचेवर ओरखडा काढून ट्युबरक्युलिन लावायची चाचणी आणली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल मांतू यांनी ते त्वचेच्या थरात टोचण्याची रीत मांडली. फसलेल्या औषधाचं अशा रीतीने साधन झालं. आज हाताच्या आतल्या बाजूला मांतूची सुई लागते, पांढरा फुगवटा उठतो आणि ४८ ते ७२ तासांनी तो मोजायचा असतो. मोजायची असते ती कठीण झालेली गाठ, लाली नव्हे. बॉलपेन बाहेरून गाठीकडे सरकवत न्यायचं, अडलं तिथे खूण करायची, दुसऱ्या बाजूनेही तसंच, आणि मधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचं. लाली मोजून ‘पॉझिटिव्ह’ लिहिणं ही आजही सर्रास होणारी चूक आहे.

मांतूची गाठ उठली म्हणजे त्वचेवरचा चट्टा क्षयाचाच, असं भारतात म्हणता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूचा संसर्ग आढळला. त्यांतले बहुतेक कधीच आजारी पडत नाहीत. शिवाय बीसीजीची लसही चाचणीत ढवळाढवळ करते. म्हणजे मोठ्या माणसात उठलेली गाठ फार तर पुराव्याला दुजोरा देते. कुपोषित किंवा एचआयव्ही असलेल्या रुग्णात ती उठली नाही तरी क्षय नाकारता येत नाही. लहान मुलाच्या अंगावरच्या त्या बारीक पुरळात मात्र हीच चाचणी मोलाची ठरते, कारण तिथे जंतू सापडण्याची आशाच नसते. एकच चाचणी एका रुग्णात जवळपास निरुपयोगी आणि दुसऱ्यात मोलाची, हे तालुक्याच्या डॉक्टरला ठाऊक असलं पाहिजे. यंत्राच्या कागदावर ते छापून येत नाही.

आता प्रत्यक्ष रुग्णाकडे येऊ. युरोपच्या ग्रंथांत ल्युपस चेहऱ्यावर असतो. भारतात तो पुष्कळदा पायावर, मांडीवर, कुल्ल्यावर आढळतो. अनवाणी चालणं, काट्याकुट्याने फुटलेली त्वचा आणि जमिनीवर थुंकलेली थुंकी यांचा याच्याशी संबंध जोडला जातो. पावलावर, घोट्यावर उठणारा चामखिळीसारखा खरखरीत क्षयाचा चट्टा तर याच वाटेने येतो. रावेर-सावद्याकडे केळीच्या बागेत पाण्यात, चिखलात उघड्या पायांनी राबणारी माणसं आहेत. त्यांच्या पायांना जखमा नव्या नाहीत आणि चामखीळ ही तक्रार घेऊन कुणी रोजंदारी बुडवून दवाखान्यात येत नाही. टोचलेल्या कानाच्या आणि गोंदणाच्या जागी क्षय उठल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत; सुई दूषित असली किंवा टोचणाऱ्याला क्षय असला तर जंतूला दार मिळतं. मानेच्या गाठीवरची त्वचा जांभळी पडून फुटते आणि महिनोन्महिने वाहत राहते, तो गंडमाळेचा प्रकार त्यातल्या त्यात लवकर ओळखला जातो, कारण गाठ म्हटल्यावर क्षयाची शंका येते. सपाट, हळूहळू पसरणाऱ्या चट्ट्याला मात्र आधी नायटा म्हणतात, मग इसब, मग सोरायसिस. प्रत्येक पायरीवर औषधाच्या दुकानातून मिळणारं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लागतं. त्याने लाली तात्पुरती ओसरते, कडा पुसट होतात आणि काचेखाली दिसणारं चित्रही बिघडतं. वर्षानुवर्षांचा उशीर होतो तो इथेच, प्रयोगशाळेत पोचण्याच्या कितीतरी आधी.

या यादीत सगळ्यांत नाजूक नाव कुष्ठरोगाचं. न दुखणारा, न खाजणारा, कडेने पसरणारा तांबूस चट्टा पाहिला की खानदेशातल्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या मनात आधी कुष्ठरोगच येतो, आणि ते योग्यही आहे, कारण कुष्ठरोगाचं काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. दोन्ही रोगांचे जंतू एकाच घराण्यातले. हान्सेन यांनी कुष्ठाचा जंतू १८७३ मध्ये पाहिला, कॉख यांच्या नऊ वर्षं आधी. दोन्हींत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे तसेच गराडे दिसतात. पण या दोहोंत गल्लत झाली तर तिची किंमत एकेकाळी फार भयंकर होती. १८९८ च्या लेपर्स ॲक्टमध्ये ज्याच्या अंगावर कुष्ठाचे व्रण झाले आहेत अशा निराधार माणसाला पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद होती, आणि हा कायदा देशाच्या पुस्तकातून रद्द व्हायला २०१६ उजाडलं. व्रण झालेला त्वचेचा क्षय आणि व्रण झालेलं कुष्ठ यांत वरवर पाहणाऱ्याची फसगत सहज होते. खरा भेद नजरेत नाही, संवेदनेत आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, कापसाचं वळलेलं टोक आधी चांगल्या त्वचेवर आणि मग चट्ट्यावर टेकवायचं, आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायला सांगायचं. कुष्ठाच्या चट्ट्यावर बोट चुकतं किंवा पोचतच नाही. क्षयाच्या चट्ट्यावर अचूक पोचतं. मग कोपराच्या मागची, गुडघ्याच्या बाहेरची आणि कानाखालून मानेवर जाणारी नस चाचपायची. कुष्ठात ती दोरीसारखी जाड लागू शकते. पाच मिनिटांची ही तपासणी कुठल्याही यंत्राने अजून बदललेली नाही. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदनेचा फरक नीट कळत नाही, एवढी एक मर्यादा मान्य करावी लागते. तिथे त्वचेचा तुकडा तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

तुकडा काढणं सोपं आहे. भूल द्यायची, काही मिलिमीटर व्यासाची पंच फिरवायची, एक-दोन टाके. खरी कसोटी तुकडा बाटलीत टाकताना लागते. सवयीने तो फॉर्मेलिनमध्ये पडतो. फॉर्मेलिन ऊतीची रचना उत्तम राखतं. लांगहान्सच्या पेशी आणि मधला दह्यासारखा सडका भाग पाहायला ते हवंच. पण त्यात जंतू मरतो, म्हणून कल्चर होत नाही, आणि जनुकीय तपासणीलाही तो तुकडा नीट चालत नाही. म्हणून एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, अशा दोन बाटल्या हव्यात. रावेरहून भुसावळमार्गे जळगावला, २०१८ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा त्याही पुढे धुळ्याला नमुना पाठवायचा असेल तर सलाईनमधली बाटली थंड राहिली पाहिजे, वेळेत पोचली पाहिजे. फॉर्मेलिनमधला तुकडा चार दिवस पडून राहिला तरी बिघडत नाही, म्हणून तोच एक पाठवण्याकडे कल असतो. मग पंधरा दिवसांनी अहवाल येतो, ‘क्षयसदृश रचना, इतर तपासण्यांशी ताडून पाहावे’, आणि ताडून पाहण्याजोगं काहीच हाती नसतं. लोवेनस्टाईन-जेन्सेन माध्यमावर जंतू वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे खरं. पण वाढलेला जंतू कोणता आणि तो कुठल्या औषधाला दाद देत नाही हे सगळ्यांत सविस्तर सांगणारा पुरावा तोच असतो. दुसऱ्या बाटलीला खर्च काहीच नाही. ती आठवण्याची सवय मात्र लावावी लागते.

आता सगळ्यांत दमदार आक्षेप. सीबीनॅट आलं आहे, ट्रूनॅट आलं आहे, दोन तासांत जंतूचं जनुक सापडतं आणि रिफाम्पिसिनला तो दाद देतो की नाही तेही कळतं. मग काच, कापूस आणि बॉलपेन यांचं कौतुक कशाला? या यंत्रांचं मोल मी कमी लेखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सीबीनॅटला डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली आणि त्याने क्षयाचं निदान बदलून टाकलं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं. वातानुकूलित खोलीशिवाय ते दुर्गम केंद्रावर नेता येतं, आणि २०२० मध्ये त्यालाही संघटनेची शिफारस मिळाली. मराठी मुलखाच्या शेजारच्या यंत्राने सातपुड्याच्या पायथ्याची प्रयोगशाळा चालावी, याचा अभिमान वाटावा. पण सीबीनॅटची मूळ आवृत्ती घडली थुंकीसाठी. एका मिलिलिटरमध्ये सुमारे १३० जंतू असले तर ती पकडते. सूक्ष्मदर्शकापेक्षा ही झेप प्रचंड आहे, तरी मोजके जंतू असलेल्या त्वचेच्या तुकड्यात तिलाही पुष्कळदा काही सापडत नाही. जंतू सापडला तर प्रश्न मिटला. नाही सापडला तर मात्र ‘क्षय नाही’ असं लिहून रुग्णाला परत पाठवणं, ही यंत्राची चूक नसून ते वापरणाऱ्याची आहे. १८८२ मध्ये ज्या कारणाने सूक्ष्मदर्शक हतबल झाला, त्याच कारणाने हे यंत्रही अडतं. रोग बदललेला नाही.

मग दुसरा सल्ला पुढे येतो. शंका आहे ना, क्षयाची औषधं सुरू करा, फरक पडला तर क्षय. हा मार्ग कधीकधी घ्यावा लागतो, आणि त्वचेच्या क्षयात चार ते सहा आठवड्यांत चट्टा दबू लागतो हेही खरं. पण तो पहिला पर्याय म्हणून धरू नये. रिफाम्पिसिन हे कुष्ठरोगावरचंही प्रभावी औषध आहे; एकट्या सुधारणेवरून कुष्ठाला क्षय ठरवण्याची चूक इथे सहज होऊ शकते, आणि मग नसांकडे दुर्लक्ष होऊन हातापायांत कायमचं अपंगत्व येतं. दुसरं, चट्टा बुरशीचा किंवा लिशमानिया या परजीवीचा असला तर सहा महिने यकृताला ताण देणारी औषधं घेऊन रुग्ण होता तिथेच राहतो. तिसरं, जंतू औषधांना दाद न देणारा असला आणि तुकडा कधी तपासलाच नसेल, तर फरक का पडत नाही हे कुणालाच सांगता येत नाही. औषधं सुरू करण्याआधी तुकडा काढून ठेवला असेल, तर मात्र औषधांना मिळालेली साथ हाही जुळणीतला एक रास्त पुरावा ठरतो. क्रम महत्त्वाचा.

शेवटी संख्येचा प्रश्न विचारला जातोच. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात त्वचेचा वाटा साधारण १ ते २ टक्के. एवढ्यासाठी तालुक्याने इतकं करावं का? संख्या लहान आहे, पण त्वचेचा क्षय त्वचेपुरता असतो असं गृहीत धरणंच चूक आहे. गंडमाळेखाली क्षयाची गाठ किंवा हाड असतं, मुलाच्या पुरळामागे छातीतली गाठ असते, आणि पायावर चट्टा असलेल्या कित्येकांच्या छातीच्या एक्स-रेमध्येही काही निघतं. मूल आजारी असेल तर त्याला तो जंतू देणारं खोकतं माणूस बहुधा त्याच घरात असतं. क्षयरुग्णाची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे, आणि ती नोंद झाली की घरातल्या सर्वांची तपासणी होते. निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारी मदत २०१८ मध्ये ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० झाली. केळीची कटाई सोडून मांतू मोजायला दुसऱ्यांदा दवाखान्यात येणाऱ्याला हे पैसे कमी असले तरी निरर्थक नाहीत. उपचार न झालेला ल्युपस वर्षानुवर्षं त्वचा खात राहतो, नाक-कानाची पाळी झिजवतो आणि जुन्या व्रणात क्वचित कर्करोगही उठतो. औषधं मात्र तीच आहेत जी फुप्फुसासाठी देतात. पहिले दोन महिने चार, पुढचे चार महिने तीन, आणि ती रावेरलाच मोफत मिळतात. तालुक्याने नव्याने करायचं आहे ते एवढंच: सहा आठवड्यांत न हटणाऱ्या प्रत्येक न खाजणाऱ्या चट्ट्यावर मलम लिहून देण्याआधी काच दाबायची, कापूस टेकवायचा, मानेच्या गाठी चाचपायच्या, आणि शंका उरली तर तुकडा दोन बाटल्यांत पाठवायचा.